आधी काम, मग कागद: मुठा खोऱ्याच्या आसपासची शंभर वर्षं

पिरंगुटवरून लवासाला निघालात की वाटेत मुठा गाव लागतं. तुमच्यातले बरेच जण तिथून रील्स काढायला गेलेही असतील. या टापूत एक सवय फार जुनी आहे. आधी काम, परवानगी मागाहून. आजचा एपिसोड तिच्यावर.

शेजारच्या मुळा खोऱ्यात टाटा कंपनीनं धरणाचं काम काढलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी कायद्यानं ताब्यात आल्याच नव्हत्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे थेट कामावर जाऊन बसले. हाच मुळशी सत्याग्रह. सेनापती बापट त्याचे पुढारी. मग सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा बाहेर काढला. १९२४ मध्ये लढा थंडावला आणि धरण झालंच.

आता लवासा. १ जून २००१ ला राज्य सरकारनं इथली १८ गावं 'हिल स्टेशन' म्हणून जाहीर केली. २००५ मध्ये शेतजमीन खरेदीचा कायदा बदलला, तोही पूर्वलक्षी प्रभावानं, म्हणजे मागच्या तारखेपासून! केंद्राच्या पर्यावरण मंजुरीचं काय? राज्याची २००४ ची मंजुरी पुरेशी आहे, असं कंपनीचं म्हणणं. शिवाय तेव्हाच्या नियमात हजार मीटरच्या वरच्या पर्यटन प्रकल्पांचा उल्लेख होता, म्हणून डोंगराच्या उंचीवरून वाद रंगला. (हो, टेप घेऊन डोंगर मोजायची वेळ.)

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रानं काम थांबवलं. जानेवारी २०११ च्या आदेशात बांधकाम बेकायदा ठरवलं. पण त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पहिल्या टप्प्याच्या २००० हेक्टरना अटींसह मंजुरी मिळाली. इमारती तर आधीच उभ्या होत्या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जमिनींबद्दलच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. कारभारावर कोर्टानं ताशेरे ओढले, पण याचिका फार उशिरा आली म्हणून हस्तक्षेप केला नाही. मला यातली खरी गोम इथेच दिसते. काम भराभर पुढं जातं, तक्रार करणाऱ्याला कागद मिळवता मिळवता वर्षं जातात, आणि उशिराचा हिशेब त्याच्याच नावावर.

हा प्रश्न आता देशभराचा झालाय. मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १६ मे २०२५ ला सांगितलं की काम झाल्यावर मंजुरी देणं चालणार नाही. २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चा आदेश रद्द. सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबरला, तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल मागे घेतला. बहुमताचं म्हणणं असं, की सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. मेच्या निकालात सहभागी असलेले न्या. उज्ज्वल भुयान मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. प्रकरण नव्यानं ऐकायला गेलं.

मुठा परिसरातल्या माणसाचा याच्याशी काय संबंध? २००६ च्या नियमात टाऊनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे कारखाना आला तर गावाला निदान मंडपात बसून बोलता येतं. शेजारी अख्खं शहर आलं, तर तेवढंही नाही. मग काम सुरू होण्याआधीची मंजुरी हीच काय ती एक अडवणूक उरते.