चिंचोके, शिंपले आणि अंगणातली शाळा



गेल्या महिन्यात नातू आमच्याकडे राहायला आला. वय सव्वातीन. बरोबर एक भला मोठा खोका. आत लाकडी ठोकळे, रंगीत मणी, बटणं लावायची चौकट, आणि वर ठळक अक्षरात 'माँटेसरी' छापलेलं. किंमत ३,२०० रुपये. मी बी.कॉम. झालेली बाई, मनात लगेच हिशेब सुरू. मणी म्हणजे आपले चिंचोके, ठोकळे म्हणजे सुताराकडचे उरलेले तुकडे, बटणांची चौकट म्हणजे आजोबांचा जुना सदरा! पण सूनबाईंनी हौसेनं आणलंय, म्हणून गप्प बसले.

मी आपली चाररेघी वही काढली आणि त्याच्या हातात पेन्सिल द्यायला गेले. त्याला सोडायला आलेला माझा मुलगा तेवढ्यात म्हणाला, "आई, त्याला वही नको देऊस." आवाज चढवला नाही, पण मला कळायचं ते कळलं. तो साडेतीन वर्षांचा असताना शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी मी त्याच्याकडून रोज दोन पानं 'अ' गिरवून घ्यायची. बोटं दुखतात म्हणून रडायचा. एकदा तर मी मनगटावर पट्टी मारली होती. आज त्याला छत्तिसावं वर्ष चालू आहे, आणि अजून कुठला फॉर्म भरायचा असला की तो बायकोपुढे सरकवतो. हे आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा कपाटातून अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' काढलं. पूर्वी वाचलं होतं, पण तेव्हा मला ती समाजसेवेची गोष्ट वाटली होती. या वेळी आई म्हणून वाचलं.

खोक्यावर ज्यांचं नाव होतं त्या मारिया माँटेसरी इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी घर उघडलं. पाणी ओतणं, पुसणं, बटणं लावणं ही रोजची कामं मुलांना त्यांच्या मापाची करून दिली. हातांना सवय झाली की अक्षर मागून येतं, हा त्यांचा अनुभव. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेकांनी हे मनावर घेतलं. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं, या विचारातून ते या वाटेला लागले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशीवाली आई! १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या. त्या मुंबईच्या पदवीधर, राजकोटला प्राचार्य होत्या. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंतची गोष्ट शहरातली. खरी गंमत पुढे आहे.

१९४५ साली ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न! आपल्यातल्या कितीजणी त्या वयात "आता आमचं काय राहिलंय" म्हणतात ते आठवा. सोबत पस्तिशीच्या अनुताई. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी आणि रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक. दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. गावातली काही मुलं येऊ लागली, पण हरिजनवाड्यातली येईनात. आता दुसरं कुणी असतं तर 'त्यांना शिक्षणाची आवडच नाही' म्हणून मोकळं झालं असतं. या दोघी शाळाच उचलून वाड्यातल्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांना आधी स्वच्छ करायचं, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी.

आणि साधनं? माँटेसरीची लाकडी साधनं खेड्यात कुठून आणणार, आणि कोणाच्या पैशांनी? मग दगडगोटे, बिया, पानंफुलं, समुद्रकाठचे शिंपले. मोजायला तेच, जुळवायला तेच, लहानमोठं ओळखायलाही तेच. काही मोडलं तर कुणी ओरडायचं कारण नाही, उद्या दुसरं गोळा करायचं. माझ्यातली वाणिज्य शाखा इथे फार खूश झाली!

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेलं. तिथली अडचण वेगळी. मोठी मुलं गुरं राखायची, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरायच्या. म्हणून गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली, आणि कडेवरच्या बाळांसाठी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिचं नाव विकासवाडी. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. ते बघायला त्या नव्हत्या. अनुताई होत्या. १९९२ पर्यंत, डोळे अधू झाले तरी, कोसबाडचं काम त्यांनी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही कपाटात ठेवून दिली.

मग काय केलं ते सांगते. मागच्या उन्हाळ्यातले चिंचोके काढले, थोडे राजमे, थोडे काबुली चणे, सगळं एका परातीत मिसळलं आणि तीन वाट्या दिल्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसला, चौथ्या दिवशी चांगला अर्धा तास. (मैत्रिणींनो, या वयात बी नाकात जायला वेळ लागत नाही. फोन बाजूला ठेवून शेजारीच बसायचं.) सकाळी मी पाणी गाळते तेव्हा तो गाळण्याचं एक टोक धरतो, मग आपल्या छोट्या तांब्याने पेल्यात पाणी ओततो. सांडतं. पुसायचं फडकंही त्याचंच. अंगणात झाडाखाली गळून पडलेलीच पानं-फुलं वेचायची, तोडायची नाहीत, आणि आकाराप्रमाणे लावायची. मंदिरात मी तांदळाचा स्वस्तिक काढते तेव्हा तो शेजारी तीन बोटांच्या चिमटीनं ढिगल्या करतो. त्या चिमटीकडे बघून मला धस्स झालं. पेन्सिल धरायला लागते ती हीच! माझ्या मुलालाही मी मंदिरात न्यायचीच की. पण "हात नको लावू, विस्कटेल" म्हणून बाजूला बसवायची.

काल तूर निवडत होतो. एका दाण्यावरून सोंडा चालला होता. नातवानं श्वास रोखून तो कागदावर घेतला, दोन्ही हातांनी कागद सांभाळत पायरीपर्यंत गेला आणि खाली टेकवून, सोंडा उतरेपर्यंत उकिडवा बसून राहिला. इतका वेळ, इतकी स्थिर बोटं! मी त्याच्या वडिलांना फोन करून सांगितलं. ते पट्टीचं मात्र फोनवर बोलता आलं नाही. रविवारी तो न्यायला येईल, तेव्हा बोलायचं ठरवलं आहे.