औंधचा माळ आणि विजयदुर्गची खाडी

खटाव तालुक्यातील औंध हे गाव पर्जन्यछायेतले. यमाईचा डोंगर, त्या डोंगरावर राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेले संग्रहालय आणि भोवताली पसरलेला कोरडवाहू मुलूख पाहणाऱ्याच्या मनात, या गादीचा खाऱ्या पाण्याशी कधी काळी काही संबंध आला असेल, अशी कल्पनाही यावयाची नाही. तथापि मराठ्यांचे जे सर्वांत बलाढ्य आरमार 1756 साली विजयदुर्गच्या खाडीत जळून बुडाले, त्याच्या नाशाची कारणे शोधीत गेल्यास तो माग घाट चढून सातारच्या दरबारात येतो आणि त्या दरबारातील ज्या थोड्या घराण्यांपाशी तो थबकतो, त्यांत प्रतिनिधींचे घराणे येते.

राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी निर्माण केलेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या वंशात स्थिर झाले. या घराण्याचे ठाणे आधी कऱ्हाडास असे, औंध ही राजधानी मागाहूनची. शाहू महाराजांच्या कारकीर्दीत परशुरामपंतांचे चिरंजीव श्रीपतराव प्रतिनिधी आणि बाजीराव पेशवे यांच्यात जी चुरस चालली होती, तिचा परिणाम समुद्रावर पहिल्याने दिसला तो 1733 साली. जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान त्या वर्षी वारला, वारसांत तंटा लागला, आणि ही संधी साधून पेशवे, फत्तेसिंग भोसले व प्रतिनिधी असे तिघेही कोकणात उतरले. श्रीपतरावांनी जून महिन्यात फितुरीच्या मार्गाने रायगड हस्तगत केला आणि 1689 पासून परक्यांच्या ताब्यात असलेली शिवछत्रपतींची राजधानी स्वराज्यात आली. यश मोठेच होते, यात संशय नाही; परंतु ते ज्या रीतीने आले तिने पेशवे आणि प्रतिनिधी यांच्यातील तेढ वाढली, आणि पाण्याने वेढलेला जंजिरा मात्र होता तेथेच राहिला. बेटावरचा किल्ला केवळ जमिनीवरच्या फौजेने पडत नाही. त्याला समुद्राकडून वेढणारे आरमार लागते, आणि ज्याच्यापाशी ते आरमार होते तो सेखोजी आंग्रे ऐन मोहिमेत, ऑगस्टअखेर, मृत्यू पावला.

त्यानंतर आंग्र्यांच्या घरातच फूट पडली. बाजीरावाने मानाजीस वजारतमाब हा किताब देऊन कुलाब्यास आणि संभाजीस सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य, म्हणून दक्षिणेस ठेविले. म्हणजे त्यांचा बाप कान्होजी आंग्रे याने एका मुठीत धरलेले आरमार दोन भावांत वाटले गेले. संभाजीमागून त्याचा भाऊ तुळाजी सरखेल झाला. हा पुरुष शूर खरा, पण शेजाऱ्यांशी सलोखा राखणे त्याच्या स्वभावात नव्हते. 1749 साली शाहू महाराज निवर्तल्यावर सातारच्या गादीचा वचक उरला नाही आणि तुळाजीला आवरील किंवा सावरील असा कोणी मध्यस्थही राहिला नाही. अखेर बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी मार्च 1755 मध्ये तह केला. पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग हे बेटावरील ठाणे घेतले, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर येऊन उभा राहिला. त्यासोबत पायदळाचा सरदार म्हणून रॉबर्ट क्लाइव्ह होता. जमिनीच्या बाजूने खंडोजी माणकराच्या हाताखाली पेशव्यांची फौज आली होती. तुळाजी त्याच फौजेच्या छावणीत बोलणी करावयास गेला, तो परत किल्ल्यात आला नाही; त्याचे उरलेले आयुष्य कैदेतच सरले.

12 फेब्रुवारीच्या दुपारी जे घडले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तुळाजीचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत एकमेकांना बांधून उभे होते. त्यात 'रेस्टोरेशन' हे एक मोठे जहाज होते. ते मूळचे कंपनी सरकारचे, 1749 साली तुळाजीनेच पाडाव करून आणलेले. त्याच्या जोडीला आठ-नऊ गुराबा आणि साठेक गलबते होती. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ पाण्यात चालणारे, नाळ पुढे काढलेले आणि नाळेवरून शत्रूच्या रोखाने तोफा डागता येतील असे रचलेले सागवानी तारू. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी वारा नसतानाही धावणारे. गोळागोळी सुरू होऊन फार वेळ झाला नाही तोच इंग्रजांचा एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. जहाजे परस्परांस बांधलेली असल्यामुळे त्या जहाजाची आग गुराबांना, गुराबांची गलबतांना आणि पुढे किनाऱ्यावर बांधणीस घेतलेल्या जहाजालाही लागली. अंधार पडण्यापूर्वी, अर्ध्या शतकात कोकणपट्टीवर पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांना धाकात ठेवणारे बळ संपले. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. विजेत्यांच्या हाती दोनशेवर तोफा आणि दहा लक्ष रुपयांच्या घरातील ऐवज लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यास झालेल्या तहान्वये विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, आणि त्याच्या बदली इंग्रजांनी बाणकोट व दहा गावे घेतली.

या प्रसंगाची हकीकत आपणांस कळते ती कोणाच्या तोंडून? वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या बाजूने ती इंग्रज लेखकांनी लिहिली, आणि पेशव्यांच्या बाजूने ती त्यांच्या कारकुनांच्या पत्रांत आली. दोघेही जिंकलेल्या पक्षाचे. जो हरला त्याची बाजू सांगणारी वस्तू म्हणावी तर ती एकच, आणि ती म्हणजे खाडीच्या तळाशी गेलेली जहाजे. जळणारे लाकडी जहाज पाण्याच्या पातळीपर्यंत जळते. त्याखालचा भाग, म्हणजे कणा, खालच्या फळ्या, निरमाचे दगड आणि तळाला गेलेल्या तोफा, बुडून राहतो. उष्ण समुद्रातील कीड उघड्या लाकडाचा थोड्याच वर्षांत भुगा करते, परंतु जे लाकूड गाळात दबले त्याला प्राणवायू मिळत नाही, आणि ते शतकानुशतके टिकते. लोखंडी तोफेवर क्षारांचे कवच चढते. ते फोडले म्हणजे तोफ कोणत्या कारखान्यात ओतली, ती स्वदेशी की पाडावातली, याचा निर्णय पुष्कळदा करता येतो. आंग्र्यांचे आरमार परकीय तोफांवर किती अवलंबून होते, त्यांच्या सुतारांनी परकीय बांधणीतून काय उचलले, या प्रश्नांची उत्तरे कागदांत सापडत नाहीत; ती मिळाली तर या बुडालेल्या जहाजांच्या शोधातूनच मिळतील.

पाण्याखालचे हे संशोधन जगात आता रूढ झाले आहे. स्टॉकहोमच्या बंदरात 1628 साली बुडालेली 'वासा' ही युद्धनौका 1961 साली वर काढली गेली. प्रशांत महासागरातील ट्रुक बेटांभोवती फेब्रुवारी 1944 मध्ये अमेरिकनांनी बुडविलेल्या जपानी जहाजांची व विमानांची पाहणी पाणबुडे करीत असतात. आपल्याकडे या शास्त्राचा पाया डॉ. एस. आर. राव यांनी घातला, आणि गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ते पुढे नेले. गोव्याच्या पाण्यातील सुंची खडकावर या संस्थेच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी सापडली. विजयदुर्गाजवळ त्यांनी समुद्रतळाशी सुमारे 122 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद अशी दगडी भिंत नोंदविली, दगडी नांगर पाहिले, आणि जवळच गिर्ये येथे खडक खोदून केलेली आरमाराची गोदी मोजली. म्हणजे आंग्र्यांची जहाजे जेथे बांधली जात ती जागा आपल्याला ठाऊक आहे. ती जेथे बुडाली ती जागाही ठाऊक आहे. उणीव आहे ती या दोहोंचा मेळ घालणाऱ्या दीर्घ आणि चिकाटीच्या शोधाची.

हे काम खर्चाचे आहे हे खरे. पावसाळ्यात खाडी गढूळ असते, एरवीही गाळामुळे हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि बुडीत जहाज वर काढण्यापेक्षा ते होते तेथेच मोजून, चित्रित करून पुन्हा गाळाने झाकणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते. कारण ओले लाकूड हवेत आले की तडकते, आणि ते राखण्याचा खर्च काढण्याच्या खर्चाहून मोठा असतो. परंतु पैशाचा प्रश्न केवळ पैशाचा नसतो, तो अग्रक्रमाचा असतो. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळ समुद्रतळी ठेवून पर्यटकांसाठी संग्रहालय करण्याची योजना सरकारने हाती घेतली आहे. योजना चांगली आहे. तिने चार घरे जगतील. पण त्याच जिल्ह्यात, त्याच किनाऱ्यावर, युद्धात खरोखर बुडालेले आरमार गाळाखाली असताना, नवे जहाज मुद्दाम बुडविण्याचा उत्साह सरकारने दाखवावा आणि जुन्याच्या शोधास निधी न द्यावा, हे न्यायाला धरून होणार नाही. भवानरावांनी लहानशा संस्थानाच्या तुटपुंज्या उत्पन्नातून माळावर चित्रे आणि शिल्पे जमवून दाखविली. त्या मानाने आजच्या महाराष्ट्र सरकारचे साधनबळ कितीतरी अधिक आहे. विजयदुर्गच्या खाडीची ध्वनिलहरींनी आणि चुंबकीय यंत्रांनी पद्धतशीर पाहणी करण्याचा खर्च त्याने अंदाजपत्रकात घालावा, आणि मासेमारीच्या जाळ्यात एखादा तोफगोळा वा कोरीव लाकूड आले तर ते भंगारात न विकता पुरातत्त्व खात्याकडे पोचवावे, अशी विनंती किनाऱ्यावरील मच्छीमार बंधूंनाही करावीशी वाटते.