स्टुडबेकर : बग्गी, मोटार आणि पेन्शन

मोटार कंपन्यांचे इतिहास बहुतेकदा इंजिनापासून सुरू होतात. स्टुडबेकरचा सुरू होतो लोहाराच्या भट्टीपासून. म्हणूनच मी तो वाचायला घेतला.

१८५२ साली हेन्री आणि क्लेमंट या भावांनी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे लोहारकामाचं दुकान थाटलं. भांडवल ६८ डॉलर. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला गेला, पण तिथे खाणीतल्या लोकांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनवत बसला. १८५८ मध्ये तो ८,००० डॉलर गाठीला बांधून परतला आणि त्याने हेन्रीचा हिस्सा विकत घेतला. हेन्री युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. सैन्यासाठी गाड्या बनवणं त्याला पटत नव्हतं. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला गाड्या पुरवूनच कंपनी मोठी झाली.

मोटार आली तेव्हा घोडागाड्यांचे बहुतेक कारखाने बुडाले. स्टुडबेकरने १९०२ मध्ये विजेवरची गाडी काढली, १९०४ मध्ये पेट्रोलची. ‘काळाबरोबर बदला, टिकाल’ हा धडा इथवरच्या गोष्टीतून छान निघतो. मीही आधी इथेच थांबणार होतो.

पण डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला. कंपनीने कामगारांना पेन्शन कबूल केली होती, अगदी योजना येण्याआधीच्या नोकरीचीही. त्यासाठीचा पैसा मात्र वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने भरायचा होता. हप्ते पुरे होण्याआधीच कारखाना गेला. साठी उलटलेल्या, पात्र कामगारांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ४,००० जणांच्या हाती हक्काच्या रकमेपैकी साधारण १५ टक्के पडले. त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही.

या प्रकरणाची चर्चा दहा वर्षं चालू राहिली. १९७४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला : पेन्शन फंडात पैसा भरण्याचे नियम ठरले आणि कंपनी बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन मिळेल असा विमा आला.

त्या कामगारांना त्याचा उपयोग झाला नाही. कायदा मागच्या तारखेपासून लागू नव्हता. कंपनीने बग्गीतून मोटारीत उडी मारली याचं कौतुक मला आजही आहे. पण पगाराच्या स्लिपवर पीएफची ओळ दिसली की आठवतात ते चाळिशी-पन्नाशीतले कामगार.