तात आणि तार

संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९), आडनावाचा घोलप, जातीचा ब्राह्मण, परंतु तरुणपणी तमाशाच्या फडात रमलेला. महेश्वरी अहिल्याबाई होळकरांनी, ज्या स्वतः संगमनेरच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, त्याच्या शृंगारिक कवनांबद्दल त्याची कानउघाडणी केली आणि तेव्हापासून त्याने डफ खाली ठेवून कीर्तनाची कास धरली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाकारांना डफाचा त्याग महत्त्वाचा वाटला. डफाशेजारी उभ्या असलेल्या तुणतुण्याची दखल कोणी घेतली नाही, आणि वस्तुतः फडाचा स्वर त्या एका तारेवरच तोललेला असतो.

एकतंत्री वाद्यांत आपल्या मुलखात दोन परंपरा नांदल्या. देवीच्या आराध्या-जोगत्यांच्या चौंडक्याला तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची पिळून वाळवलेली दोरी; तीच जात पिंजाऱ्याच्या धनुकलीवरही चढे. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडावरील कातड्यातून ही तात ओवून तिचे दुसरे टोक हातातल्या लाकडी मुठीला बांधलेले असते, आणि वाजविणारा नळकांडे काखेत दाबून मूठ ताणीत व सैल सोडीत एकाच छेडीत स्वर वर चढवितो, खाली घसरवितो. तुणतुण्याचे कसब याच्या नेमके उलट: नळकांड्याच्या अंगाला बांबूची काठी ठोकलेली, काठीच्या शेंड्याला खुंटी, आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली धातूची तार, जिने रात्रभर एकच षड्ज सोडावयाचा नाही. दमट हवेत फुगून सुरावरून ढळणारी तात या चाकरीस रुजू होणे कठीणच. शिवाय ढोलकीच्या दणक्यात तिचा मऊ, भरीव नाद कोठल्या कोठे विरून जाईल.

पाश्चात्त्यांच्या डबल बाससमोर हाच पेच निराळ्या रूपाने उभा राहिला. त्या धिप्पाड वाद्यावर शतकानुशतके आतड्याच्या तारा होत्या. पुढे पोलाद आले, ते टिकाऊ आणि खणखणीत, पण जुन्या वादकांच्या कानांना कोरडे. तडजोड कृत्रिम धाग्याने केली. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कारखान्याने १९७०च्या सुमारास नायलॉनच्या जातीच्या गाभ्यावर धातूचे वेष्टन असलेली डॉमिनंट तार व्हायोलिनसाठी आणली, आणि त्याच तत्त्वाच्या तारा पुढे डबल बासवरही चढल्या: आतड्याचा ऊबदार नाद बहुतांशी राहिला, हवामानाची कटकट पुष्कळ कमी झाली. ही सोय तुणतुण्याला मानवणार नाही असे मला वाटते, कारण बासवाल्याला जी ऊब हवी असते तीच तुणतुणेवाल्याची अडचण. त्याला हवी ती धार.

तंतुवाद्यावर खरे संकट आले ते निराळ्याच दिशेने. नगरजवळील अकोळनेर येथे १८६८ साली जन्मलेले दासगणू महाराज हेही पोलीस खात्यात शिपाई असताना लावण्या रचणारे, आणि फंदीप्रमाणेच पुढे कीर्तनकार झालेले. परंतु या दोघांमधल्या शंभर वर्षांत कीर्तनाच्या साथीला पेटी येऊन बसली होती, जिला खुंटी नाही, जवारी नाही, पावसाळ्याची धास्ती नाही, आणि त्याचबरोबर गाणाऱ्याच्या गळ्याकडे पाहून रेसभर सरकण्याची तयारीही नाही. तमाशात पेटी शिरली तरी तुणतुणे हटले नाही: गण संपून गौळण सुरू होण्यापूर्वी तुणतुणे धरलेला झीलकरी तार छेडतो, कान खुंटीपाशी नेतो, किंचित पिळतो आणि गाणारणीकडे पाहून मान हलवितो.