चर्चासत्र, ग्रंथालयशास्त्रातील

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एक अध्ययनपद्धती. तीत विद्यार्थी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एखाद्या प्रश्नावर निबंध सादर करतो, सहाध्यायी त्याची चिकित्सा करतात व मूळ साधनांच्या आधारे निष्कर्ष तपासला जातो. व्याख्यानातून ज्ञान मिळते, तर चर्चासत्रात आपले विधान सिद्ध करावे लागते, हा या दोन पद्धतींमधील मुख्य फरक होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेओपोल्ट फोन रांके याने बर्लिन विद्यापीठात इतिहासाच्या अध्यापनासाठी ही पद्धती रूढ केली. ग्रंथालयशास्त्रात ती उशिरा आली. मेल्व्हिल ड्यूई याने १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात सुरू केलेल्या शिक्षणक्रमाचा भर दैनंदिन कामकाजावर होता. संशोधनाला महत्त्वाचे स्थान मिळाले ते १९२६ मध्ये स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात.

भारतात बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ञास पाचारण केले व १९११ मध्ये तेथे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. तेथूनच निघालेल्या लायब्ररी मिसेलनी या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. मद्रास येथे १९२९ मध्ये शि. रा. रंगनाथन यांनी वर्ग चालविले. पुढे दिल्ली विद्यापीठात त्यांच्या मार्गदर्शनाखाली या विषयातील भारतातील पहिली डॉक्टरेट १९५७ मध्ये दिली गेली. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूर येथे प्रलेखनविषयक संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. केंद्राच्या वार्षिक चर्चासत्रांनी या पद्धतीला देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या बाबतीत ग्रंथालये आधी व शास्त्र नंतर असा क्रम दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातून हा जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, तर वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ चे आहे. म्हणजे शास्त्रीय प्रशिक्षणाची सोय होण्यापूर्वीच या किनाऱ्यावर वाचकांनी ग्रंथसंग्रह उभे केले होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांची वर्गवारी व अनुदान यांची व्यवस्था लावली आणि प्रशिक्षित ग्रंथपालाची निकड वाढली. विद्यापीठीय शिक्षणासाठी मात्र येथील तरुणांना प्रायः मोठ्या शहरांची वाट धरावी लागे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे दूरशिक्षणाचा मार्ग खुला झाला. परंतु स्वयंअध्ययनात समोरासमोरच्या चर्चेला साहजिकच मर्यादा पडतात.

ही उणीव किती मूलगामी आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक असून त्याच्याच पोटात कोंकणीला ८९१.४६९ हे स्थान दिलेले आहे. मालवणी बोलीतील ग्रंथ यांपैकी कोठे ठेवावा? गंगाराम गवाणकरांचे वस्त्रहरण हे नाटक महाराष्ट्रात मराठी रंगभूमीचे मानले जाते. परंतु मालवणीचे कोंकणीशी असलेले नाते भाषाशास्त्रज्ञांत वादाचा विषय आहे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, तर १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. त्यामुळे प्रश्न अधिकच नाजूक बनला आहे. तक्त्यात पाहून अंक लिहिणे सोपे आहे. तो का लिहिला, हे सांगण्यासाठी बोली, वाचक व संग्रह या तिन्हींचा विचार करावा लागतो. तसेच एकच बोली दोन ग्रंथालयांत दोन ठिकाणी विखुरली, तर अभ्यासकाला ती पूर्णपणे सापडत नाही.

अशा प्रश्नांचा निर्णय एकट्या ग्रंथपालाने करण्यापेक्षा चर्चासत्रात साधकबाधक चिकित्सेने होणे इष्ट असते. ज्या किनाऱ्याने शास्त्रापूर्वी ग्रंथालये निर्माण केली, त्याच्या संग्रहांतील प्रश्न पदव्युत्तर चर्चासत्रांचे विषय व्हावेत, ही अपेक्षा त्यामुळे सयुक्तिक ठरते.