सगळ्यांनी दमानं घ्यायचं ठरवलं तेव्हा

गेल्या महिन्यात मी लिहिलेल्या तीन ओळींनी आमचा एक सर्व्हर झोपवला. कोड अगदी साधा होता: समोरून उत्तर आलं नाही, तर लगेच पुन्हा विचार. सर्व्हर आधीच दमलेला, त्यात माझा प्रोग्राम सगळीकडून "झालं का? झालं का?" करत सुटला. दहा मिनिटांत सगळं ठप्प. आमच्या लीडने लॉग बघितले आणि एवढंच म्हणाली, "अरे, त्याला श्वास तर घेऊ दे!"

मग कळलं की हाच गाढवपणा १९८६ साली अख्ख्या इंटरनेटने केला होता. खरं सांगतो, जरा बरं वाटलं. शनिवारभर तेच वाचत बसलो, म्हणून आजचा विषय तोच.

आधी थोडी उजळणी. (कॉलेजमधलं आठवत असेल त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) जुन्या टेलिफोनमध्ये तुम्ही बोलत असेपर्यंत एक अख्खी लाइन तुमच्यासाठी राखीव असायची, तुम्ही गप्प बसलात तरी. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांना माहीत नसताना, वेगळाच विचार मांडला. माहितीचे छोटे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि सगळ्यांचे तुकडे एकाच वायरवरून जाऊ द्या. हीच आपली पॅकेटं. १९६९ साली सुरू झालेलं अर्पानेट याच तत्त्वावर चाललं.

यात लाइन वाया जात नाही, पण राखीव जागाही कुणालाच नाही. मधल्या राऊटरकडे एकदम खूप पॅकेटं आली तर तो त्यांना रांगेत उभं करतो. रांग भरली की पुढची पॅकेटं सरळ टाकून देतो, कुणाला न सांगता! मग हरवलेल्या मालाची जबाबदारी कुणाची? दोन्ही टोकांच्या कॉम्प्युटरांची. त्यासाठी टीसीपी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली ही कल्पना मांडली आणि १ जानेवारी १९८३ला अर्पानेट तिच्यावर आलं. पॅकेट मिळालं की घेणारा पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.

यातली मेख दिसली का? पोच आली नाही म्हणजे पॅकेट हरवलंच असं नाही. ते कुठेतरी रांगेत उभं असू शकतं. पाठवणाऱ्याला धीर नाही, तो दुसरी प्रत सोडतो. आता रांगेत एकाच पॅकेटच्या दोन प्रती. रांग वाढली, पोच आणखी उशिरा, म्हणून तिसरी प्रत. वायर तर गच्च भरलेली, पण नवीन असं काहीच पोचत नाही. सिग्नल बंद पडलेल्या चौकात प्रत्येकजण गाडी पुढे दामटतो आणि शेवटी कुणीच हलत नाही, तसंच. जॉन नेगल नावाच्या इंजिनिअरने जानेवारी १९८४मध्येच हा धोका लिहून ठेवला होता. नेटवर्क एकदा या अवस्थेत गेलं की आपोआप बाहेर येत नाही, हेही त्यात होतं.

आणि ऑक्टोबर १९८६मध्ये तसंच झालं. कॅलिफोर्नियात टेकडीवर लॉरेन्स बर्कली लॅब आणि खाली बर्कलीचं विद्यापीठ. दोघांत अंतर ४०० यार्ड, म्हणजे जेमतेम ३६५ मीटर. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. हजार राहिलं नाही हो, नुसते ४०! हिशोब करून बघा. दोन हजार अक्षरांचं एक पान आधी अर्ध्या सेकंदात जायचं, त्याला आता पावणेसात मिनिटं लागणार. तेवढ्या वेळात कुणी कागद हातात घेऊन टेकडी उतरला असता, तर तोच आधी पोचला असता.

लॅबमधला व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातला माइक कॅरल्स यांनी याचा छडा लावला. वायर ठीक होती, राऊटरही नेमून दिलेलं काम करत होते. चूक पाठवणाऱ्यांच्या वागण्यात होती. मग त्यांनी टीसीपीला काही सवयी लावल्या. सुरुवातीलाच सगळा माल ओतायचा नाही. आधी एक पॅकेट, त्याची पोच आली की दोन, मग चार, मग आठ. बसमधला एक उतरला की एक चढवायचा, तसं जुनं पॅकेट बाहेर पडलं की नवं आत सोडायचं. पोच यायला किती वेळ लागतो आणि तो किती कमीजास्त होतो, हे मोजून मगच पॅकेट हरवलं असं धरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅकेट हरवलं, तर ती 'रस्त्यात गर्दी आहे' अशी सूचना समजायची. आपलं प्रमाण एकदम खाली आणायचं आणि मग हळूहळू वाढवत जायचं.

माझ्या कोडने नेमकं उलटं केलं होतं. अडचण आली की जोर वाढवायचा.

या दोघांचा पेपर १९८८ साली आला आणि नवा कोड बर्कलीच्या युनिक्समधून, ४.३ बीएसडी टाहोमधून, जगभर गेला. सगळे राऊटर बदलावे लागले नाहीत, नव्या वायरी टाकाव्या लागल्या नाहीत, कुणी कायदाही केला नाही. लोकांनी नवा कोड घेतला आणि त्यांची मशीन्स दमानं घेऊ लागली.

मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. कारण फसवणं सोपं आहे. बाकी सगळे मागे सरत असताना एखाद्याने आपला वेग कमी केलाच नाही, तर त्याला जास्त वाटा मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याला अडवायला कुणी उभा नसतो. सगळेच तसे वागले तर पुन्हा ४० बिट्स. आज पद्धती बदलल्यात. लिनक्समध्ये क्युबिक आहे, २०१६ साली गुगलने बीबीआर आणलं (त्यातही जेकबसन होताच). पण नवी पद्धत आली की पहिला वाद अजूनही हाच असतो: ही शेजाऱ्याचा वाटा तर खात नाही ना?

चौथ्या सेमिस्टरला 'स्लो स्टार्ट' पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आकृती काढली, मार्क मिळाले, विसरलो. ते कुणाच्या तरी ठप्प पडलेल्या नेटवर्कमधून आलंय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

असो. सोमवारी कोड दुरुस्त केला. आता उत्तर आलं नाही तर एक सेकंद थांबतो, मग दोन, मग चार, आणि पाच प्रयत्नांनंतर गप्प बसतो. लीडने बघितलं, "आता कसं!" म्हणाली आणि चहाला घेऊन गेली.