इंग्लंडमधील दिवाणी न्यायालयांची परिभाषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इंग्लंडमधील न्यायालयांची भाषा दीर्घकाळ सामान्य पक्षकाराची नव्हती. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तेथे फ्रेंच व लॅटिन रुजल्या. १३६२ च्या कायद्याने युक्तिवाद इंग्रजीत करण्याचे ठरले, तरी अभिलेख लॅटिनमध्येच राहिले. ते कायमचे संपले १७३३ मध्ये. शब्द मात्र टिकले. ‘प्लेंटिफ’ म्हणजे मुळात गाऱ्हाणे मांडणारा. ‘फिर्यादी’चा मूळ अर्थही याहून वेगळा नाही.

लॉर्ड वुल्फ यांच्या १९९६ च्या अहवालानंतर, २६ एप्रिल १९९९ पासून नवे दिवाणी नियम लागू झाले. ‘प्लेंटिफ’च्या जागी ‘क्लेमंट’, ‘रिट’च्या जागी ‘क्लेम फॉर्म’ आला. १९७५ च्या एका जहाजविषयक दाव्यावरून रूढ झालेला ‘मरेव्हा’ मनाईहुकूम ‘फ्रीझिंग’ हुकूम झाला. मालमत्ता गोठविण्याचा अर्थ त्यातून थेट कळतो. अज्ञान पक्षकाराच्या वतीने दावा चालविणाऱ्या ‘नेक्स्ट फ्रेंड’ला ‘लिटिगेशन फ्रेंड’ म्हटल्याने कितपत सुलभता आली, हे शंकास्पदच आहे. शिवाय या परिभाषेला सरसकट ‘ब्रिटिश’ म्हणणे योग्य नव्हे; स्कॉटलंडमध्ये वादी ‘पर्स्युअर’ असतो. भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘प्लेंटिफ’ व ‘नेक्स्ट फ्रेंड’ दोन्ही कायम आहेत.